निरीक्षक-इंटरफेसचा विस्तार : स्मॉलटॉकपासून जावाच्या आठव्या आवृत्तीपर्यंत

संगणकीय आज्ञावलींच्या रचनेचा इतिहास लिहिताना नव्या भाषा व नवी यंत्रे यांचीच नोंद सामान्यतः घेतली जाते. एकदा प्रसिद्ध झालेली रचना पुढे कशी वाढविली गेली, आणि तीवर विसंबून असलेल्या जुन्या आज्ञावलींचे त्या वाढीत काय झाले, हा विषय मात्र बहुधा तळटीपेच्या वाट्याला येतो. वस्तुतः मोठ्या प्रणालींच्या आयुष्यातील बराच मोठा काळ याच विवंचनेत गेलेला दिसतो. तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे निरीक्षक-इंटरफेस होय.

निरीक्षक-रचनेत दोन पक्ष असतात. एक ऑब्जेक्ट निरीक्षणाचा विषय असतो. त्याच्या स्थितीत बदल झाला की नोंदविलेल्या सर्व निरीक्षकांना तो सूचना देतो. निरीक्षक कोण आहेत, ते सूचनेचे काय करणार आहेत, याचे ज्ञान विषयाला नसते. निरीक्षकाने कोणत्या मेथड्स पुरविल्या पाहिजेत एवढा करार तेवढा इंटरफेसमध्ये लिहिलेला असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सामान्य इंटरफेसमध्ये ग्रंथालयकर्ता मेथड्स लिहितो आणि ग्राहक त्या बोलावितो. तेथे ग्रंथालयकर्त्याने एक मेथड वाढविली, तर जुना ग्राहक ती बोलावीत नाही एवढेच होते. निरीक्षक-इंटरफेसमध्ये हा व्यवहार नेमका उलटा आहे. मेथड्स ग्राहक लिहितो आणि ग्रंथालय त्या बोलाविते. म्हणून ग्रंथालयाने करारात एक ओळ वाढविणे म्हणजे जगभर विखुरलेल्या, कित्येकदा मूळ लेखकाच्याही हाती न राहिलेल्या आज्ञावलींवर नवे कर्तव्य लादणे होय. ज्या संस्थेपाशी केवळ कंपाइल केलेला संच उरला आहे आणि मूळ मजकूर हरविला आहे, तिला ते कर्तव्य पार पाडण्याचा मार्गच नसतो.

या रचनेचे मूळ झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन-केंद्रात सापडते. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकॉग हे १९७८-७९ मध्ये तेथे पाहुणे संशोधक होते. प्रतिरूप, दृश्य व नियंत्रक अशी त्रिविध विभागणी त्यांनी त्या काळात मांडली. स्मॉलटॉक-८० मध्ये ती विभागणी ‘आश्रितां’च्या यंत्रणेवर उभी राहिली. प्रतिरूपात बदल झाला की ते स्वतःला ‘चेंज्ड’ हा संदेश देई आणि त्याच्या प्रत्येक आश्रिताकडे ‘अपडेट’ हा संदेश जाई. या यंत्रणेचा एक तपशील पुढील इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ‘अपडेट’ संदेशाला काहीही न करणारे उत्तर भाषेतील सर्वांचा मूळ वर्ग जो ‘ऑब्जेक्ट’, त्यातच लिहिलेले होते. त्यामुळे कोणताही ऑब्जेक्ट जन्मतःच निरीक्षक होण्यास पात्र होता आणि ज्याला सूचनेशी कर्तव्य नाही त्याला काहीच लिहावे लागत नव्हते.

पुढे पार्कप्लेस सिस्टिम्सच्या व्हिज्युअलवर्क्समध्ये हीच यंत्रणा तीन पायऱ्यांची झालेली दिसते. सूचनेबरोबर कोणता पैलू बदलला, त्यासंबंधीची माहिती आणि प्रेषक अशा तिन्ही गोष्टी देणारा सर्वांत लांब संदेश प्रथम पाठविला जाई. निरीक्षकाने तो लिहिला नसेल तर मूळ वर्गातील उत्तर त्यातील प्रेषक गाळून दुसरा, आखूड संदेश पाठवी. तोही नसेल तर माहिती गाळून केवळ पैलूचे नाव सांगणारा तिसरा. ज्याने केवळ तिसरा संदेश लिहिला होता त्या निरीक्षकाला लांब संदेशाची वार्ताही नसे, तरी त्याचे काम बिनबोभाट चाले. नवीन मेथडने स्वतःहून जुन्या मेथडकडे वळावे, ही कल्पना येथे पूर्ण स्वरूपात आढळते. पुढील दोन दशके स्थिर-प्रकारांच्या भाषांनी ज्या शोधासाठी खर्च केली, तो शोध स्मॉलटॉकवाल्यांना शोध वाटलाच नव्हता. अर्थात याची किंमतही होती. पैलूचे नाव हे केवळ एक चिन्ह असल्याने त्यातील अक्षर चुकले तर ते सांगणारे कोणी नसे. सूचना येई आणि न ओळखली जाता विरून जाई.

एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन व जॉन व्लिसिडीस या चौघांचा ‘डिझाइन पॅटर्न्स’ हा ग्रंथ १९९४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि या रचनेला ‘ऑब्झर्व्हर’ हे नाव रूढ झाले. विषयाने माहिती निरीक्षकाकडे ढकलावी की निरीक्षकाने ती विषयाकडून ओढून घ्यावी, ही त्या ग्रंथातील चर्चा सर्वपरिचित आहे. परंतु ग्रंथकारांपुढे प्रश्न होता तो रचनेचा, तिच्या आवृत्त्यांचा नव्हे. प्रसिद्ध झालेला करार पाच वर्षांनी कसा वाढवावा, हा प्रश्न या चौघांपैकी एकासमोर पुढे फार तीव्रतेने उभा राहावयाचा होता.

दरम्यान मायक्रोसॉफ्टच्या कॉम या प्रणालीत प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर दिले गेले होते. तेथे इंटरफेस म्हणजे स्मृतीत ओळीने मांडलेले फलनांचे पत्ते. विषय ‘चौथा पत्ता’ असे म्हणून फलन बोलावितो. ज्या जुन्या निरीक्षकाच्या पत्रकात पाचच पत्ते आहेत, त्याच्याकडे सहावा मागितला तर पुढच्या जागी जे काही पडले असेल त्यालाच पत्ता समजून यंत्र तेथे उडी घेते. अशा ठिकाणी सावधगिरीचा सल्ला पुरेसा नसतो, नियमच लागतो. तो नियम असा की, प्रसिद्ध झालेला इंटरफेस कधीही बदलावयाचा नाही. प्रत्येक इंटरफेसला १२८ बिटांचा ओळख-क्रमांक आहे. नवी मेथड हवी असेल तर नवा क्रमांक, म्हणजे नवा इंटरफेस. ऑब्जेक्टला तो इंटरफेस अवगत आहे काय, हे ‘क्वेरीइंटरफेस’ या मेथडने त्यालाच विचारावयाचे.

१९९३ मधील ओएलई-२ मध्ये निरीक्षकाचा ‘आयअॅडव्हाइजसिंक’ हा इंटरफेस होता. विदा बदलली, दृश्य बदलले, नाव बदलले, जतन झाले, बंद झाले, अशा पाच सूचना त्यात होत्या. जोडलेल्या दस्तऐवजाचा मूळ स्रोत बदलल्याची सूचना देण्यासाठी त्याच्यावर आधारलेला ‘आयअॅडव्हाइजसिंक२’ करण्यात आला. पुढे दृश्याचा दर्जा बदलल्याची सूचना हवी झाली, तेव्हा ‘आयअॅडव्हाइजसिंकईएक्स’ आला. हा तिसरा इंटरफेस दुसऱ्यावर आधारलेला नाही. तो पुन्हा पहिल्यावरच उभा आहे. वंशवृक्षाला अशा रीतीने दोन फांद्या फुटल्या आणि दोन्ही सूचना हव्या असणाऱ्या निरीक्षकाला दोन्ही ओळखींना होकार द्यावा लागला. नावातील ‘२’ पाहून ‘ईएक्स’ हा तिसरा क्रमांक असावा असे समजणाऱ्या अभ्यासकाची येथे हमखास फसगत होते. नियम मात्र पाळला गेला. नोंदणीच्या वेळी विषय निरीक्षकाला त्याची क्षमता विचारतो व त्याप्रमाणे सूचना देतो. १९९३ चा निरीक्षक नव्या विषयापुढे तसाच उभा राहू शकतो.

जावा या भाषेचा मार्ग याहून वळणावळणाचा आहे. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीतील दृश्य-ग्रंथालयात निरीक्षक जवळजवळ नव्हतेच. घटकाचा उपवर्ग करून त्यातील ‘हँडलइव्हेंट’सारख्या मेथड्स पुन्हा लिहावयाच्या, अशी पद्धत होती. १९९७ च्या १.१ आवृत्तीने ही पद्धत मोडीत काढून निरीक्षकांची योजना आणली. खिडकीविषयी ‘विंडोलिसनर’, त्यात सात मेथड्स. माउसविषयी ‘माउसलिसनर’, त्यात पाच. माउसच्या हालचालीच्या सूचना फार मोठ्या संख्येने येत असल्याने त्यांच्यासाठी ‘माउसमोशनलिसनर’ हा दोन मेथड्सचा वेगळा इंटरफेस. सातांपैकी एकाच सूचनेत रस असलेल्या लेखकाला उरलेल्या सहा रिकाम्या मेथड्स लिहिण्याचा त्रास होऊ नये, म्हणून ‘विंडोअॅडॅप्टर’सारखे रिकाम्या मेथड्सचे वर्ग सोबत देण्यात आले. हे अॅडॅप्टर वर्ग केवळ टंकश्रम वाचविण्यासाठी होते असे समजले जाते. परंतु त्यांचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी आहे. ज्या निरीक्षकाने अॅडॅप्टरपासून वारसा घेतला आहे, त्याच्यासाठी नवी मेथड लिहिण्याचे काम ग्रंथालयकर्ता स्वतःच करून ठेवू शकतो. अडचण अशी की जावात वर्गाला एकच पालक-वर्ग असतो; ज्याची ती जागा आधीच भरली आहे त्याला हा आश्रय मिळत नाही. शिवाय मेथडच्या नावात एखादे अक्षर चुकले तर कंपायलर तक्रार करीत नसे. चुकलेली मेथड तशीच पडून राही आणि अॅडॅप्टरमधील रिकामी मेथड बोलाविली जाई. ‘ओव्हरराइड’ ही खूण २००४ च्या पाचव्या आवृत्तीत आल्यानंतरच या चुकीला पायबंद बसू शकला.

सरळ ‘माउसलिसनर’मध्येच सहावी मेथड घातली असती तर काय झाले असते? भाषेच्या अधिकृत विवरणातील द्विमान-सुसंगतीचे प्रकरण असे सांगते की, इंटरफेसमध्ये मेथड वाढविल्याने आधी कंपाइल झालेल्या वर्गांशी असलेली जोडणी तुटत नाही. हे वाक्य खरे आहे आणि फसवेही आहे. जुना वर्ग विनातक्रार स्मृतीत येतो, नोंदविला जातो, पाच सूचना नीट स्वीकारतो. सहावी सूचना प्रत्यक्ष दिली जाते त्या क्षणी मात्र ‘अॅबस्ट्रॅक्टमेथडएरर’ उद्भवते. त्यातही अधिक गंभीर बाब ही की, सूचना एका निरीक्षकानंतर दुसऱ्याला अशा क्रमाने दिल्या जातात. पहिल्याने त्रुटी फेकली तर त्याच्या मागे उभे असलेले निर्दोष निरीक्षकही सूचनेस मुकतात. तोच वर्ग पुन्हा कंपाइल करावयास घेतला तर तो कंपाइलच होत नाही. म्हणजे जो आपला जुना संच चालवीत राहतो त्याला अपघात अवचित भेटतो, आणि जो इमानाने आवृत्ती अद्ययावत करतो त्याची वाट दारातच अडते.

२००२ च्या १.४ आवृत्तीत माउसच्या चक्राची सूचना देण्याची वेळ आली, तेव्हा ‘माउसव्हीललिसनर’ हा स्वतंत्र इंटरफेस व त्याची स्वतंत्र नोंदणी निर्माण करण्यात आली. हा निर्णय केवळ जुन्या करारास जपण्यासाठी होता असे मानणे अपुरे आहे. चक्राची सूचना इतर सूचनांप्रमाणे वागत नाही. ज्या घटकावर माउस आहे त्याने ती मागितली नसेल, तर ती त्याच्या पूर्वजांपैकी मागणाऱ्या पहिल्या घटकाकडे जाते. कागदाच्या गुंडाळीप्रमाणे सरकणाऱ्या चौकटीत ठेवलेल्या चित्रावर चक्र फिरविले तरी चौकट सरकते ती यामुळेच. ही मेथड ‘माउसलिसनर’मध्ये घालून जुनीच नोंदणी चालू ठेवली असती, तर केवळ टिचकी ऐकू इच्छिणारा प्रत्येक घटक चक्राचाही धनी ठरला असता आणि चौकटींचे सरकणे जागोजाग थांबले असते. नोंदणी हीच येथे इच्छेची अभिव्यक्ती आहे. रिकामी मेथड म्हणजे ‘मला नको’ असे नव्हे. तिचा अर्थ ‘मला मिळाले, मी काही केले नाही’ असा होतो. हा भेद पुढील काळात अनेकदा विसरला गेला. १.४ मध्येच खिडकीचा केंद्रबिंदू व तिची स्थिती यांच्यासाठी ‘विंडोफोकसलिसनर’ व ‘विंडोस्टेटलिसनर’ असे दोन नवे इंटरफेस आले आणि ‘विंडोअॅडॅप्टर’ने ते दोन्ही पत्करले. ‘माउसअॅडॅप्टर’ने हालचाल व चक्र यांचे इंटरफेस पत्करण्यास मात्र २००६ ची सहावी आवृत्ती उजाडावी लागली.

याच काळात आणखी एक मार्ग फारसा गाजावाजा न होता वापरला जात होता. निरीक्षकाच्या मेथडला सुटे प्राचल न देता घटनेचा एक ऑब्जेक्ट दिला, तर त्या ऑब्जेक्टला पुढे कितीही मेथड्स जोडता येतात. कारण त्या विषयाच्या बाजूने लिहिलेल्या असतात आणि निरीक्षक त्या केवळ बोलावितो. कोणते बटण दाबले हे सांगणारी ‘गेटबटन’ ही मेथड ‘माउसइव्हेंट’मध्ये १.४ मध्ये आली, तशीच ‘फोकसइव्हेंट’मध्ये विरुद्ध घटक सांगणारी मेथडही आली. एकाही निरीक्षकाला त्याची झळ पोचली नाही. मात्र या मार्गाने जुन्या सूचनेचा आशय तेवढा वाढतो. नवी सूचना निर्माण होत नाही.

वर ज्या गामांचा उल्लेख आला ते पुढे ऑब्जेक्ट टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल या आयबीएमच्या कंपनीच्या झुरिक येथील गटात एक्लिप्स या प्रणालीचे एक प्रमुख शिल्पकार झाले. एक्लिप्स ही जवळजवळ सर्वस्वी बाहेरच्या लेखकांच्या जोडण्यांवर उभी असलेली प्रणाली आहे. तिची पहिली आवृत्ती २००१ मध्ये निघाली. याच कंपनीतील जिम दे रिव्हिएर यांनी जावातील प्रसिद्ध इंटरफेस कसे वाढवावेत याविषयी एक विस्तृत टिपण तयार केले. त्याचा गाभा असा : ग्राहक जो इंटरफेस केवळ बोलावितो आणि ग्राहक जो स्वतः लिहितो, हे दोन वेगळे प्राणी आहेत, पहिल्यात मेथड वाढविता येते, दुसऱ्यात नाही. निरीक्षक हे दुसऱ्या जातीचे, म्हणून त्यांच्यासाठी कॉमचीच वाट धरण्यात आली. दृश्यरचनेच्या निरीक्षकाचा इतिहास या दृष्टीने वाचनीय आहे. ‘आयपर्स्पेक्टिव्हलिसनर’मध्ये दोन मेथड्स होत्या. ३.० आवृत्तीत त्याला ‘२’ जोडून एक अधिक तपशीलवार सूचना आली, ३.१ मध्ये ‘३’ जोडून उघडणे, मिटणे इत्यादी, आणि ३.२ मध्ये ‘४’ जोडून निष्क्रिय होण्यापूर्वीची सूचना. २००४ ते २००६ या दोन वर्षांत तीन वाढी झाल्या. नोंदणीची मेथड मात्र एकच राहिली. ती मूळ इंटरफेसच मागते. सूचना देताना प्रत्येक निरीक्षक दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या इंटरफेसचा आहे काय, ही तपासणी विषयाच्या बाजूस केली जाते.

या पद्धतीची चेष्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झालीही. नावांपुढील आकडे कुरूप दिसतात, कोणता आकडा कशासाठी हे नावावरून कळत नाही, हे सर्व मान्य केले पाहिजे. तथापि २००१ मध्ये लिहिलेल्या जोडणीला त्या आकड्यांनी अभय दिले, हे त्या कुरूपतेचे मोल आहे. आणि ते मोल ग्रंथालयकर्त्यांनी स्वतःच्या सौंदर्यदृष्टीला मुरड घालून दिले, जोडणीच्या लेखकाकडून वसूल केले नाही. २००८ च्या ३.४ आवृत्तीत ‘ग्राहकाने हा इंटरफेस लिहू नये’ अशी खूण व ती तपासणारी साधनेही आली.

२०१४ च्या मार्चमध्ये जावाची आठवी आवृत्ती निघाली आणि इंटरफेसमध्येच मेथडचा मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली. या ‘डीफॉल्ट’ मेथड्सचे प्रयोजन निरीक्षक हे नव्हते. संग्रह-वर्गांच्या जुन्या इंटरफेसना ‘स्ट्रीम’ व ‘फॉरईच’ यांसारख्या मेथड्स जोडावयाच्या होत्या. पण निरीक्षकांना तिचा लाभ आपसूक झाला. नवी सूचना रिकाम्या मजकुरासह घातली की जुना कंपाइल झालेला निरीक्षक अपघातावाचून चालतो आणि पुन्हा कंपाइलही होतो. त्याहून चांगले म्हणजे, नव्या मेथडने जुन्या मेथडला बोलवावे. तसे केले की व्हिज्युअलवर्क्समधील तीन पायऱ्या शब्दशः परत येतात. सी-शार्प भाषेने हीच सोय २०१९ मधील आठव्या आवृत्तीत स्वीकारली. एकच मेथड असलेल्या निरीक्षकाला ही सोय विशेष उपकारक ठरली, कारण आठव्या आवृत्तीत असा निरीक्षक लॅम्डा-पदावलीने लिहिता येऊ लागला होता आणि दुसरी अमूर्त मेथड घातली असती तर तशा सर्व पदावल्या अवैध झाल्या असत्या. नावांच्या टकरीचा धोका मात्र राहतोच : एकाच वर्गाने पत्करलेल्या दोन इंटरफेसनी योगायोगाने एकाच नावाच्या डीफॉल्ट मेथड्स आणल्या, तर जुना वर्ग ती मेथड बोलाविताच त्रुटी देतो. असे प्रसंग विरळ आहेत.

खरी अडचण मध्यस्थांची आहे, आणि तिच्याकडे या विषयावरील चर्चेत पुरेसे लक्ष दिले जात नाही. निरीक्षक म्हणजे सूचनेचे अंतिम ठिकाण, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अनेक निरीक्षक स्वतः काही करीत नाहीत. आलेली सूचना ते दुसऱ्याकडे पोचवितात. अनेक निरीक्षकांची साखळी करणारा जावातील ‘एडब्ल्यूटीइव्हेंटमल्टिकास्टर’ हा असाच वर्ग आहे. सूचना दुसऱ्या धाग्यावर नेणारे, त्यांची नोंद ठेवणारे, त्यांतील काही गाळणारे मध्यस्थ तर प्रत्येक मोठ्या प्रणालीत लेखक स्वतःच लिहीत असतात. आता मूळ इंटरफेसमध्ये रिकामी डीफॉल्ट मेथड आली की अशा जुन्या मध्यस्थाला ती वारशाने मिळते. नवी सूचना त्याच्यापर्यंत येते आणि रिकाम्या मजकुरात संपते. पलीकडे उभ्या असलेल्या निरीक्षकाने ती मेथड हौसेने लिहिली असली तरी त्याला काही कळत नाही. कंपायलर गप्प, त्रुटी नाही, नोंद नाही. अमूर्त मेथड वाढविली असती तर निदान गडबड ऐकू आली असती.

आकडे लावलेल्या इंटरफेसचीही या बाबतीत सुटका नाही. पहिला इंटरफेस पत्करणाऱ्या मध्यस्थाआड चौथा इंटरफेस जाणणारा निरीक्षक असेल, तर विषयाच्या तपासणीस मध्यस्थच तेवढा दिसतो. फरक एवढाच की तेथे विषयाला ‘या निरीक्षकाला ही सूचना समजत नाही’ हे कळते आणि तो दुसरी तजवीज करू शकतो. रिकाम्या डीफॉल्ट मेथडने ते ज्ञानही पुसून टाकले जाते. नव्या मेथडने जुनीला बोलविण्याची पद्धत मात्र येथे कामी येते. मध्यस्थाने जुनी मेथड पुढे पोचविलेली असतेच. त्यामुळे तपशील गळाला तरी सूचना पलीकडे पोचते. अगदीच नव्या घटनेची सूचना असेल आणि तिला जुने प्रतिरूप नसेल, तर हाही उपाय चालत नाही व १.४ मधील चक्राप्रमाणे वेगळा इंटरफेस आणि वेगळी नोंदणी हाच निर्धोक मार्ग उरतो.

संग्रह-वर्गांच्या क्षेत्रात याचे दाखल झालेले उदाहरण आहे. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’च्या तिसऱ्या आवृत्तीत अपाचे कॉमन्समधील ‘सिंक्रोनाइज्डकलेक्शन’ या वर्गाचा दाखला दिला आहे. आतील संग्रहाच्या प्रत्येक मेथडभोवती कुलूप घालणे हे या मध्यस्थाचे एकमेव काम. आठव्या आवृत्तीत ‘कलेक्शन’ला ‘रिमूव्हइफ’ ही डीफॉल्ट मेथड मिळाली. ग्रंथलेखनाच्या वेळी या वर्गाने ती पुन्हा लिहिलेली नव्हती. परिणामी कुलूपबंद म्हणविणाऱ्या संग्रहाला कुलूप नसलेले एक दार आपोआप फुटले. जावाच्या स्वतःच्या ग्रंथालयातील तशाच वर्गांत ही मेथड आठव्या आवृत्तीबरोबरच दुरुस्त करून घेतलेली होती, कारण ते वर्ग इंटरफेसच्या लेखकांच्याच हाताखाली होते.